फोनवरच्या सल्ल्याची नोंद : एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअर निवडीचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी नवरा-बायको दोघेही डॉक्टर असलेला एक दवाखाना आहे. डॉक्टर मधुमेह, रक्तदाब आणि तत्सम दीर्घकालीन आजारांचे रुग्ण पाहतात, तर मॅडम बालरोगतज्ज्ञ आहेत. दवाखान्यात खाटा नाहीत, केवळ बाह्यरुग्ण तपासणी चालते. या दवाखान्याचे हिशेब आणि कराचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे दिवाळीनंतर एका संध्याकाळी डॉक्टरांनी तीन कंपन्यांची दरपत्रके माझ्यापुढे ठेवली आणि "यातले कोणते घ्यायचे ते तुम्हीच सांगा" असे म्हटले, तेव्हा त्यांना माझ्याकडून बहुधा दरांच्या तुलनेपलीकडे फारशी अपेक्षा नव्हती.

त्यांची मागणी सोपी होती. जावळीच्या डोंगरातून आणि कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावांतून येणाऱ्या वयस्क रुग्णांना पावसाळ्यात दवाखाना गाठणे जिकिरीचे होते, म्हणून त्यांना व्हिडिओवर तपासता यावे आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये नंबर लावणे, केसपेपर, औषधांची चिठ्ठी, पावती आणि लसीकरणाच्या आठवणी यांचीही सोय असावी. या भागातील बरीच कुटुंबे अशी आहेत की आईवडील गावी आणि मुलगा मुंबईत किंवा नवी मुंबईत माथाडी कामावर किंवा नोकरीत. सल्ला विचारणारा मुलगा एकीकडे, रुग्ण दुसरीकडे आणि डॉक्टर तिसरीकडे असतात. या त्रिकोणाने पुढे सगळ्या निवडीची दिशा बदलली.

दरपत्रकांवर मत देण्याआधी तीन सकाळी दवाखान्यात बसण्याची परवानगी मी मागून घेतली. कंपन्यांची प्रात्यक्षिके पाहण्यापेक्षा या तीन सकाळींचा उपयोग अधिक झाला, असे आता मागे वळून पाहताना वाटते. रिसेप्शनवरच्या ताईंकडे नंबरांची वही होती, कंपाउंडर काकांकडे जुने केसपेपर गावांच्या नावांनुसार गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले होते, आणि डॉक्टरांच्या खिशात त्यांचा स्वतःचा फोन होता. त्या फोनवर दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत साखरेच्या यंत्राचे फोटो, प्रयोगशाळेचे अहवाल आणि "डॉक्टर, आईची साखर पाठवलीय, गोळी वाढवायची का?" असे संदेश येत होते. डॉक्टर त्यांना तिथल्या तिथे उत्तर देत होते, बहुतेक वेळा एका ओळीत, कधी नुसता फोन करून. सॉफ्टवेअर विकत घेऊन जी सेवा सुरू करायची होती ती अनेक वर्षे चालूच होती. तिची एकही ओळ केसपेपरवर उतरत नव्हती आणि तिची पावतीही कधी फाटत नव्हती.

हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांचे पहिले उत्तर असे होते की ते केवळ ओळखीपोटी सांगतात, त्याला तपासणी म्हणता येणार नाही. मला हे मान्य झाले नाही, कारण नियम तसे मानत नाहीत. जुलै 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतील दोन डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. प्रसूतीनंतर त्रास झालेल्या एका स्त्रीवर, ते गावाबाहेर असताना, त्यांच्या दूरध्वनीवरील सूचनांनुसार उपचार झाले होते आणि पुढे तिचा मृत्यू झाला होता. त्या आदेशानंतर राज्यातील डॉक्टरांमध्ये फोनवर काही सांगण्याचीच धास्ती बसली. 25 मार्च 2020 रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जारी करून या सेवेला चौकट दिली. ही तत्त्वे वैद्यकीय व्यावसायिकांच्या 2002 च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडलेली आहेत आणि त्यांत व्हिडिओ, आवाज आणि मजकूर ही तिन्ही माध्यमे मान्य आहेत. याचा अर्थ व्हॉट्सअॅपवर लिहिलेली ती एक ओळदेखील सल्लामसलतच ठरते, आणि संवादाची, अहवालांची व दिलेल्या चिठ्ठीची नोंद ठेवण्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते.

याच तत्त्वांमधील एक वाक्य पुढे आमच्यासाठी कसोटीचा दगड ठरले. फेरतपासणीची व्याख्या करताना तेथे असे म्हटले आहे की त्याच डॉक्टरांकडे, त्याच आजारासाठी, आधीच्या प्रत्यक्ष भेटीपासून सहा महिन्यांच्या आत झालेली सल्लामसलत ही फेरतपासणी होय. हे महत्त्वाचे अशासाठी की कोणते औषध दुरून लिहिता येईल हे त्यावर ठरते. मेटफॉर्मिनसारखे मधुमेहाचे चालू असलेले औषध फेरतपासणीत पुन्हा लिहून देता येते आणि त्याला जोड म्हणून सिटाग्लिप्टिन हे दुसरे औषध देण्याचाही निर्णय घेता येतो. मात्र पहिल्याच दूरस्थ भेटीत हे करता येत नाही. तिथे विनाचिठ्ठी मिळणारी औषधे आणि व्हिडिओ असल्यास काही मलमे, थेंब वगैरे मोजक्याच गोष्टी लिहिता येतात. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारखी, अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे तर दुरून लिहिण्यास मनाईच आहे.

आता तीन उत्पादनांकडे येतो. त्यांची नावे न घेता मी त्यांना क, ख आणि ग म्हणतो. 'क'चा व्हिडिओ उत्तम होता, रुग्णाला वेगळे अॅप न उतरवता दुव्यावर बोट ठेवून बोलता येत होते, आणि डॉक्टरांचे मन तिकडे आधीच झुकलेले होते. 'ख'मध्ये लसीकरणाचा तक्ता आणि मुलांच्या वजन-उंचीचे आलेख इतके नेटके होते की मॅडमनी ते पाहताच पसंती कळवून टाकली. 'ग' दिसायला जुनाट होते आणि त्याचा व्हिडिओ मध्येच अडखळत होता. सरकारच्या ई-संजीवनी सेवेचाही विषय निघाला, कारण ती मोफत आहे. परंतु ती रुग्णाला शासकीय व्यवस्थेतील डॉक्टरांशी जोडणारी सेवा आहे, खासगी दवाखान्याचे नंबर, केसपेपर आणि पावत्या सांभाळण्यासाठी ती नाही, म्हणून तो विषय तेथेच संपला.

मी स्वतः एक चूक केली ती येथे नोंदवून ठेवतो. सवयीने मी सोयींची गुणपत्रिका बनवली, प्रत्येक सोयीला भारांक दिला आणि बेरीज केली. बेरजेत 'क' पहिले आले. दुसऱ्या दिवशी तोच तक्ता ताईंना दाखवला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "साहेब, एका घरातल्या पाच जणांचा फोन एकच असला तर यात पेपर कसा शोधायचा?" माझ्या तक्त्यात या प्रश्नाला रकानाच नव्हता. तो तक्ता मी बाजूला ठेवला आणि कंपन्यांना दवाखान्याच्या खऱ्या कामातून निघालेल्या अडचणी सोडवून दाखवायला सांगितले, अर्थात रुग्णांची नावे बदलून.

ताईंचा प्रश्न क्षुल्लक नाही. बरीच सॉफ्टवेअरे मोबाईल क्रमांकालाच रुग्णाची ओळख मानतात, आणि शहरी, एकट्या, कमावत्या रुग्णापुरते ते खपून जाते. आमच्याकडे आजी, आजोबा, सून आणि दोन नातवंडे यांच्या नावापुढे मुंबईतल्या मुलाचा एकच क्रमांक असतो. 'क'मध्ये त्या क्रमांकावर दुसरे नाव घातले की आधीच्या रुग्णाचे नाव बदलण्याची सूचना पुढे येई. घाईच्या सकाळी ताईंनी ती स्वीकारली असती तर आजीच्या मधुमेहाचा इतिहास नातवाच्या नावावर गेला असता. दुसरा पेच नावाच्या रचनेचा. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि एकाच गावात एकाच आडनावाची पन्नास घरे असतात. माहेरी असताना मॅडमकडे येणारी मुलगी पुढे स्वतःचे बाळ घेऊन येते, तेव्हा ती नवी रुग्ण ठरू नये. 'ग'मध्ये नाव तीन वेगळ्या रकान्यांत होते, जुने नाव शोधात सापडत होते, गावाचे नाव शोधासाठी वापरता येत होते, आणि एका क्रमांकावर हवी तितकी माणसे नात्यासह जोडता येत होती.

हे नात्याचे जोडणे केवळ सोयीचे नव्हते. मुंबईतला मुलगा आईच्या वतीने बोलतो तेव्हा तत्त्वांच्या भाषेत तो काळजीवाहू असतो, आणि रुग्ण समोर नसताना त्याच्याशी सल्लामसलत करायची तर त्याला तसा अधिकार दिलेला असावा लागतो. शिवाय रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरता येते, पण काळजीवाहू व्यक्तीने किंवा डॉक्टरांनी संवाद सुरू केला तर ती स्पष्टपणे घ्यावी आणि नोंदवावी लागते. म्हणून प्रत्यक्ष भेटीच्या वेळी आईची लेखी संमती घेऊन मुलाचे नाव, नाते आणि क्रमांक तिच्या केसपेपरला जोडायचे असे ठरले. 'ख'मध्ये यासाठी 'तातडीचा संपर्क' एवढाच एक रकाना होता आणि संमतीचा कागद जोडण्याची सोय नव्हती.

त्यानंतर सहा महिन्यांच्या नियमाची परीक्षा घेतली. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाच्या नावाशेजारी 'शेवटची भेट' दिसत होती. मी एका काल्पनिक रुग्णाची सात महिन्यांपूर्वी प्रत्यक्ष तपासणी नोंदवली, दोन महिन्यांपूर्वी फोनवरचा सल्ला नोंदवला आणि शेवटची भेट कधी असे विचारले. तिघांनीही दोन महिन्यांपूर्वीची तारीख दाखवली. नियमाप्रमाणे गणना प्रत्यक्ष भेटीपासून व्हायला हवी, आणि प्रत्येक फोनगणिक तारीख पुढे सरकत गेली तर रुग्ण वर्षानुवर्षे समोर न येताही कागदोपत्री 'फेरतपासणीत'च राहील. 'क'च्या प्रतिनिधीने हा मुद्दा समजून घेतला, पण बदल त्यांच्या हातात नसल्याचे प्रांजळपणे सांगितले. 'ग'च्या लोकांनी भेटीचा प्रकार वेगळा नोंदवण्याची सोय आधीच असल्याचे दाखवले आणि 'शेवटची प्रत्यक्ष तपासणी' ही तारीख केसपेपरच्या माथ्यावर आणून दिली. माझे मत त्या क्षणी जवळजवळ ठरले.

मराठीची परीक्षा सर्वांत करमणुकीची झाली. चिठ्ठीवर औषधाचे नाव इंग्रजीत आणि घेण्याची सूचना मराठीत हवी होती. प्रात्यक्षिकात पडद्यावर सारे ठीक दिसे, पण छापील पानावर जोडाक्षरे मोडून पडत. 'रात्री'तला 'त्र' सुटा होऊन पाय मोडलेला 'त' आणि 'र' शेजारी शेजारी उभे राहत, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे. औषध कधी घ्यायचे हेच ज्या ओळीत लिहिलेले असते तिची ही अवस्था. मॅडमची लसीकरणाची जुनी यादी युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेली होती, ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता उमटला. फॉन्ट रूपांतरित करून प्रत्येक नाव ताडून पाहावे लागले आणि हे काम मॅडमच्या भाचीने सुट्टीत बसून केले.

संदेशांच्या खर्चाचा हिशेब मात्र माझ्या प्रांतातला होता. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात, देवनागरीत 70, आणि संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात 67. 'बाळाच्या लसीची तारीख अमुक आहे, सोबत लसीकरणाचे कार्ड आणावे' एवढे लिहून दवाखान्याचे नाव घातले की दोन संदेश जातात. दरपत्रकातील संदेशांची संख्या इंग्रजी धरून मोजलेली होती. याशिवाय ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2018 च्या नियमांप्रमाणे संदेशाचे शीर्षक आणि मजकुराचा साचा यांची आधी नोंदणी करावी लागते. ती नोंदणी दवाखान्याच्या नावावर व्हावी हा आग्रह मी धरला, कारण ती कंपनीच्या नावावर राहिली तर कंपनी सोडताना रुग्णांच्या ओळखीचे शीर्षकही मागे राहते.

वस्तू व सेवा कराचा मुद्दा लहान आहे पण डॉक्टरमंडळींच्या नजरेतून हटकून सुटतो. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्यामुळे दवाखान्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. सॉफ्टवेअरच्या शुल्कावर 18 टक्के कर लागतो आणि तो सगळा खर्चातच जमा होतो. वर्षाला 40,000 रुपये सांगितले असतील तर दवाखान्याच्या दृष्टीने किंमत 47,200 रुपये आहे. तीन दरपत्रकांपैकी एकात कर धरलेला होता आणि दोनमध्ये तळटीपेत होता, त्यामुळे स्वस्त वाटणारे 'ख' प्रत्यक्षात स्वस्त नव्हते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन या आरोग्यनोंदी डिजिटल स्वरूपात जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेशी जोडणी तिघांकडेही होती. 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या या योजनेतील 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, नोंदवता येणे ही आम्ही अट म्हणून ठेवली, निवडीचे कारण म्हणून नाही.

निर्णयाच्या बैठकीत वाद झाला. डॉक्टरांचे म्हणणे होते की ज्या व्हिडिओसाठी हा खटाटोप सुरू केला तोच 'ग'मध्ये सर्वांत कच्चा आहे. मी विचारले की पहिली भेट व्हिडिओवर घेण्याची त्यांची इच्छा आहे का. त्यांनी थोडा विचार करून नाही म्हटले. नव्या मधुमेही रुग्णाचे पाय न पाहता उपचार सुरू करणे त्यांना पटत नव्हते. मग उरते ती फेरतपासणी, आणि साखरेचे आकडे, रक्तदाबाची नोंद व गोळ्यांची मात्रा यांवर बोलण्यासाठी साधा फोन बहुतेक वेळा पुरतो आणि डोंगरात तोच लागतो. मॅडमचा आक्षेप अधिक वजनदार होता. लहान मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसाची ओळख पटवून, तो सोबत असतानाच सल्ला द्यावा लागतो आणि अंगावरचे पुरळ फोनवर दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे खोडता येण्यासारखे नव्हते. शेवटी 'ग' घ्यायचे, पुरळ किंवा जखम पाहण्यापुरता दवाखान्याच्या वेगळ्या फोनवरून साधा व्हिडिओ कॉल करायचा आणि त्याची नोंद 'ग'मध्ये हाताने करायची असे ठरले. मॅडमना 'ख'चे आलेख गमवावे लागले. ही तडजोड त्यांच्या वाट्याला अधिक आली हे मान्य केले पाहिजे.

करारावर सही करण्याआधी तीन कलमे घालून घेतली. रुग्णांची माहिती दवाखान्याची असून कंपनी ती केवळ दवाखान्याच्या सांगण्यावरून हाताळते. करार संपल्यावर किंवा मध्येच मागितल्यावर संपूर्ण माहिती वाचता येईल अशा स्वरूपात विनाशुल्क द्यावी. आणि माहिती फुटल्याचे कळताच दवाखान्याला ताबडतोब कळवावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि कायद्याच्या नजरेत ही जबाबदारी प्रथम दवाखान्यावर येते, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यावर नाही. हे वाचून दाखवले तेव्हा डॉक्टरांनी आपल्या खासगी फोनमधल्या अहवालांच्या फोटोंकडे पहिल्यांदाच वेगळ्या नजरेने पाहिले.

अंमल सुरू झाल्यावर सर्वांत मोठी कुरकुर पैशांवरून झाली. फोनवरच्या सल्ल्यासाठी दुपारी दोन ते तीन ही वेळ ठरली, दवाखान्याचा स्वतंत्र क्रमांक घेतला, शुल्क ठरले आणि प्रत्येक सल्ल्याची पावती जाऊ लागली. "आधी तर डॉक्टर असंच सांगायचे" हे वाक्य ताईंना पहिले काही आठवडे रोज ऐकावे लागले. काही रुग्णांनी फोन बंद करून समोर येणे पसंत केले, आणि त्यांपैकी दोघांच्या पायांवरच्या जखमा त्यामुळे वेळेत दिसल्या, असे डॉक्टरांनी मला सांगितले. वीज गेल्यावर किंवा इंटरनेट बंद पडल्यावर ताई पुन्हा वहीकडे वळतात आणि संध्याकाळी त्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये चढवतात. कंपाउंडर काकांचे गठ्ठेही अजून जागेवर आहेत. सर्व जुने केसपेपर टंकण्याऐवजी रुग्ण पुन्हा येईल तेव्हा चालू औषधे आणि महत्त्वाचे आजार तेवढे उतरवायचे असे ठरले आहे.

दर तीन महिन्यांनी संपूर्ण माहिती उतरवून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. पहिल्या खेपेला नावे, भेटी, औषधे, पावत्या सारे व्यवस्थित उघडले आणि आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या खेपेला मी सहज एका रुग्णाचा जोडलेला अहवाल उघडायला गेलो, तेव्हा लक्षात आले की उतरवलेल्या फाइलमध्ये अहवालाचा फोटो नाहीच, कंपनीच्या सर्व्हरवरील त्याचा दुवा तेवढा आहे. खाते बंद झाले की तो दुवाही बंद होणार, आणि काळजीवाहूंच्या संमतीचे सहीचे कागदही त्याच रांगेत आहेत. कंपनीला करारातील दुसऱ्या कलमाचा हवाला देऊन पत्र पाठवले आहे. फोटोंच्या मूळ फाइली एकत्रित देण्याची सोय करून देऊ असे त्यांचे लेखी उत्तर आले आहे, आणि ती सोय प्रत्यक्ष तपासून होईपर्यंत पुढील वर्षाचे शुल्क भरू नये असे मी डॉक्टरांना कळवले आहे.